अनोळखी नौदल अधिकाऱ्याचं तैलचित्र: पुसण्याआधी वाचा

गोव्यातल्या घरांत चवथीआधीच्या साफसफाईत जुन्या तसबिरींवरून ओलं फडकं फिरतं आणि तैलचित्राचं खरं नुकसान तिथेच होतं. पाणी भेगांतून आत शिरतं, खालचा थर फुगतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. कोपऱ्यातली पुसट अक्षरं पातळ रंगाची असतात, ती सगळ्यांत आधी जातात. म्हणून पाणी, खोबरेल, कापलेला बटाटा यांतलं काहीही लावू नका.

चित्र दोघांनी मिळून उतरवा, एक हात खालून हवाच. रंग सुटत असेल तर पालथं घालू नका, उभं धरूनच मागची बाजू बघा. तिथे खडूचे आकडे, चिकटवलेली चिठ्ठी, कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का सापडू शकतो. मागून दुसरं कापड चिकटवलेलं असेल तर मूळ खुणा झाकल्या गेल्या असतील. मग कडा तपासा. सगळ्याचे फोटो काढा. नंतर खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, जवळजवळ कॅनव्हासला टेकवून धरा. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरं उठून येतात.

आता गणवेश, मुख्यतः खांदे. गोव्यात सापडलं म्हणजे अधिकारी पोर्तुगीजच, असं धरून चालू नका. बटणावर नांगर आणि मुकुट पोर्तुगीज आणि ब्रिटिश अशा दोन्ही नौदलांत असत. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली, त्यामुळे पोर्तुगीज गणवेशावर मुकुट असेल तर तो त्याआधीचा. ब्रिटिश नौदलात झुपकेदार खांदेपट्ट्या १७९५ मध्ये आल्या. तेव्हा फक्त डाव्या खांद्यावर पट्टी म्हणजे कमांडर, फक्त उजव्या खांद्यावर म्हणजे त्या पदावर तीन वर्षं न झालेला कॅप्टन. १८१२ मध्ये नियम बदलले आणि उजव्या खांद्यावरची एकच साधी पट्टी लेफ्टनंटची झाली. डावा-उजवा खांदा चित्रातल्या अधिकाऱ्याचा मोजायचा, बघणाऱ्याचा नव्हे. इथे बरेच जण चुकतात. ब्रिटिश कोटाच्या कॉलर-बाह्यांची एरवी पांढरी असणारी पट्टी लाल दिसली तर काळ १८३० ते १८४३. छातीवर हिरवा क्रूस असेल तर पोर्तुगालचा आव्हिश सन्मान तपासा.

मग अतिनील टॉर्च लावा. जुनं वार्निश हिरवट चमकतं, नंतर मारलेला रंग काळसर दिसतो. पदक किंवा खांदेपट्टी काळी दिसली तर ती मागाहून रंगवलेली असू शकते. बढती मिळाल्यावर चित्रात भर घालून घेत असत. अशा खुणेवरून साल ठरवू नका.

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडलेला दिसतो. तेव्हा मागच्या चौकटीच्या कोपऱ्यातल्या, कॅनव्हास ताणणाऱ्या लाकडी पाचरी ठोकू नका. डिसेंबरात हवा कोरडी झाली की तोच कॅनव्हास ताणतो आणि रंग तडकतो. चौकटीची खालची पट्टी आणि कॅनव्हास यांच्यामध्ये निसटलेली पाचर मात्र काढावी, नाहीतर समोर फुगवटा येतो. चिऱ्याची बाहेरची भिंत ओल धरते, म्हणून चित्र आतल्या भिंतीवर, मागे बुचाचे तुकडे लावून दोन सेंटिमीटर अंतर सोडून टांगा. बुरशी दिसली तर घासू नका. चित्र वेगळं ठेवून जाणकार संवर्धकाला दाखवा.

ओळख पटवायला फोटो आणि अक्षरांची नक्कल घेऊन पणजीच्या पुराभिलेख खात्यात जा. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हाइसरॉयांची चित्रं आहेत, पोशाख ताडून पाहायला ती उपयोगी पडतात. चित्र शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, हे विकायचा विचार करण्याआधी लक्षात घ्या.