प्राध्यापकांनो, समित्यांचा भार कमी करायचा तर

शैक्षणिक वर्ष सुरू झालं की समित्यांची यादी लागते आणि एकच नाव पाच-सहा ठिकाणी दिसतं. मराठवाड्यातल्या ज्या कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तिथे तर हे ठरलेलंच. तासिका तत्त्वावरचे (तासाप्रमाणे मानधन घेणारे) सहकारी तास घेतात, पण फायलीवर सही कायम नेमणुकीच्या माणसाचीच लागते. मग नॅक (कॉलेजचं मूल्यांकन), रासेयो (राष्ट्रीय सेवा योजना), प्रवेश, परीक्षा सगळं त्याच्याच गळ्यात.

आधी एक आठवडा कामाच्या तासांची वही ठेवा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. सगळा कार्यभार मिळून किमान ४० तास. तुमचे किती भरतात ते लिहा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अर्जंट, दुपारपर्यंत पाठवा’ म्हणून आलेली माहितीही त्यात धरा. ती कोणी कामात मोजत नाही आणि दिवस मात्र तीच खाते.

आता कॅसचा, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेचा, तक्ता उघडा. बहुतेक जण बढतीच्या धास्तीने प्रत्येक समितीला हो म्हणतात. पण त्याच नियमावलीत अध्यापनाव्यतिरिक्तच्या कामांत ‘चांगला’ शेरा मिळायला किमान तीन प्रकारची कामं पुरतात: प्रशासकीय जबाबदारी, परीक्षेचं काम, रासेयोसारखे विद्यार्थी उपक्रम, परिषद भरवणं, पीएचडी मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, शोधनिबंध यांपैकी कुठलीही. सातवी-आठवी समिती तिथे काहीच भर घालत नाही. तेव्हा जमणारी आणि आवडणारी तीन निवडा. परिषदांना नुसत्या हजेरीच्या प्रमाणपत्रांनी फाईल जाड होते, एवढंच.

उरलेली सोडायची कशी? प्राचार्यांना तोंडावर ‘नाही’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं, आणि स्टाफ मीटिंगमध्ये म्हटलं तर विचारूच नका. यादी निघायच्या आधी, केबिनमध्ये, वही घेऊन जा. ‘सर, नॅकचं मी बघतो. मग रासेयोचं शिबिर कोणाकडे द्यायचं, तेवढं ठरवून द्या.’ निवड त्यांच्यावर सोडली की बोलणं कामावर येतं, तुमच्या वृत्तीवर जात नाही. ठरलं ते लेखी आदेशात येऊ द्या. तोंडी बदल पुढच्या बैठकीपर्यंतही टिकत नाही.

व्याख्यानाचं आमंत्रण आलं तर फोनवरच होकार देऊ नका. ‘डायरी बघून उद्या सांगतो’ म्हणा. उदगीरहून किनवटला तासाभराच्या भाषणासाठी गेलात तर अख्खा दिवस गेला समजा. जाणं होणार नसेल तर त्या विषयाचा, त्यांच्या गावाजवळचा माणूस सुचवा. नकाराचा कडवटपणा राहत नाही.

पीएचडीचे विद्यार्थी सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४, सहयोगीला ६ आणि प्राध्यापकाला ८ घेता येतात. घेतलेच पाहिजेत असं नाही. दोन प्रबंध एकाच वर्षी शेवटच्या टप्प्यावर आले की तुमचं स्वतःचं लेखन बंद, हे धरून चाला.

वर्षाचं कॅलेंडरही आताच भरा. सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका आणि रासेयोचं ७ दिवसांचं शिबिर पुष्कळदा एकमेकांच्या अंगावर येतात. त्या आठवड्यांत शोधनिबंधाची मुदत घेऊ नका.

आणि सोडलेल्या समितीची फाईल नव्या माणसाच्या हाती नीट द्या: जुने अहवाल, फोटो, पोर्टलचा पासवर्ड सगळं. नाहीतर ‘सर, ते कुठे ठेवलंय?’ हा फोन वर्षभर तुम्हालाच येणार.