परगावी जाताना कुत्र्या-मांजराची सोय कशी लावावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांना कुत्रे-मांजरे नवीन नाहीत. नवीन आहे ती त्यांना मागे ठेवून जाण्याची अडचण. पूर्वी गल्लीत चुलते, आत्या, शेजारी असे कोणी ना कोणी असायचेच आणि दोन वेळची भाकरी घालण्याचे काम न सांगता व्हायचे. आता मुले पुण्याला नाहीतर बंगळूरला, घरात दोघेच वयस्क, आणि कोल्हापूरला लग्न निघाले की प्रश्न उभा राहतो. शहरात प्राणी सांभाळून देणाऱ्यांची, म्हणजे बोर्डिंगची, सोय आता मिळते. कोणी घरातल्या घरात दोन-तीन कुत्री ठेवून घेतात, कोणी शहराबाहेर शेतात पिंजरे बांधले आहेत. यांपैकी कोणते निवडावे, हे ठरवताना जागा किती देखणी आहे यापेक्षा तिथला माणूस आपल्याला काय काय विचारतो, याकडे आधी लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जबाबदार माणूस लसीकरणाची वही मागतो. कुत्री माजावर आहे का, नसबंदी झाली आहे का, कधी कोणाला चावली आहे का, फटाक्यांना घाबरते का, सध्या कोणते औषध चालू आहे, नेहमीचे डॉक्टर कोण, हे सारे तो विचारतो आणि लिहून घेतो. ज्याने फोनवर ‘किती दिवस?’ एवढेच विचारून दर सांगितला, त्याच्याकडे आपला प्राणी ठेवू नये. त्याने आपल्याकडे वही मागितली नाही, याचा अर्थ शेजारच्या पिंजऱ्यातील कुत्र्याच्या मालकाकडेही मागितलेली नसणार.

लसीचे वेळापत्रक

पिल्लाला पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे विषाणूजन्य आजारांची एकत्रित लस साधारण ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते आणि ३-४ आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत दिली जाते. रेबीजची लस ३ महिने पूर्ण झाल्यावर देतात व पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने दर वर्षी. मांजराला रेबीजबरोबरच पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा पार्व्होसारखा आजार) आणि सर्दीच्या विषाणूंविरुद्धची लस लागते. घरातल्या घरात राहणारे मांजर आहे म्हणून ती टाळण्याची आपल्याकडे फार सवय आहे, पण बोर्डिंगमध्ये ते घरात राहणार नाही. टोचल्यानंतर अंगात संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे जातात. म्हणून गणपतीला गावी जायचे असेल, तर राहिलेली लस श्रावण लागताच देऊन घ्यावी. निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून आणलेल्या लसीने वहीतला रकाना भरतो, प्राण्याचे रक्षण होत नाही. ज्या पिल्लाची लसींची मालिका पुरी झालेली नाही, त्याला बोर्डिंगमध्ये ठेवूच नये. अनेक कुत्री एकत्र असतात तिथे कोरडा, ठसक्यासारखा खोकला झपाट्याने पसरतो. त्यावर नाकात थेंब टाकून देण्याची वेगळी लस आहे, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारून ठेवावे.

जागा पाहताना

जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरवू नये, आणि पाहायला जाताना आपल्या कुत्र्याला बरोबर नेऊ नये. आत शिरताच फिनेलचा भपकारा आला की आपल्याला स्वच्छता वाटते. ती समजूत सोडून द्यावी. पार्व्होचा विषाणू फरशीत आणि मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलने तो मरेल याची खात्री नसते. त्यासाठी घाण आधी धुऊन काढून, एक भाग ब्लीचमध्ये सुमारे ३० भाग पाणी मिसळून ते फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे लागते. मांजराच्या बाबतीत फिनेल तर अपायकारकच आहे, कारण त्यातील फिनॉलजातीय द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चाललेले मांजर थोड्याच वेळात आपले पंजे चाटत बसते. ‘फरशी कशाने पुसता?’ हा प्रश्न विचारावा. उत्तरावरून बरेच कळते.

दुसरा प्रश्न रात्रीचा. दिवसा कामगार असतात. रात्री तिथे कोण झोपते, हे विचारावे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडील शेतातल्या जागा मोकळ्या आणि हवेशीर असतात, परंतु त्या भागात बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य आहे. जंगल दूर आहे असे समजून शहरातल्यांनीही निर्धास्त राहू नये. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या आला होता आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. रात्री कुत्रा पक्क्या भिंतींच्या, छत असलेल्या, कडी लागणाऱ्या खोलीतच असला पाहिजे. नुसती जाळी पुरेशी नाही.

आवाजाचाही विचार करावा. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेश विसर्जन ज्या रस्त्यांनी जाते, त्यांना लागून असलेल्या गल्लीत घरगुती बोर्डिंग असेल, तर त्या रात्री ढोल-ताशे आणि डीजे पहाटेपर्यंत चालणार, हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. भित्रा कुत्रा अशा वेळी दार उघडे सापडताच पळतो. म्हणून बाहेरचे फाटक आणि आतले दार अशी दुहेरी सोय आहे का, आणि एक बंद केल्याखेरीज दुसरे उघडायचे नाही ही शिस्त पाळली जाते का, ते उभे राहून पाहावे.

पावसाळ्याचे वेगळे नियम

जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, फरशी दिवसेंदिवस वाळत नाही. कुत्र्याला झोपायला जमिनीपासून उंच लाकडी फळी किंवा खाट हवी. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो, त्यामुळे उरलेले अन्न रात्री उघडे राहते का, हेही पाहण्यासारखे आहे.

खरा त्रास गोचिडांचा. गोचीडताप झालेला कुत्रा खाणे सोडतो, सुस्तावतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. बोर्डिंगला पाठवण्यापूर्वी गोचिडांवरचे औषध, मानेवर सोडायचे थेंब असोत वा गोळी, डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे घेऊन द्यावे. गावाकडे गाई-म्हशींसाठी आणलेले डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ कुत्र्यालाही चोळले जाते. ती जनावरांची औषधे अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला लावणे धोक्याचे आहे आणि मांजराच्या तर जिवावर बेतते. कुत्र्याला असे औषध लावलेले असेल आणि मांजर त्याला बिलगून झोपत असेल, तरी मांजराला विषबाधा होऊ शकते.

अंगावर गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने ती कातडीच्या अगदी लगत, डोक्यापाशी पकडावी आणि न पिळता, न झटकता, सरळ वर ओढावी. रॉकेल, मीठ, पेटती उदबत्ती असले उपाय करू नयेत. त्यांनी गोचीड आपल्या पोटातले द्रव उलट जखमेत सोडण्याची भीती असते. उघड्या हाताने चिरडू नये. सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात गोचिडांमुळे माणसाला माकडतापही होतो; १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला. रानात फिरवून आणलेल्या कुत्र्याचे कान, काख आणि बोटांमधल्या बेचक्या घरात घेण्यापूर्वीच तपासाव्यात.

मुधोळ कुत्रा असेल तर

आपल्या भागात मुधोळ किंवा कारवान पाळणारी घरे पुष्कळ. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेली ही जात २००५ मध्ये टपाल तिकिटावरही आली. पण शहरातील बोर्डिंगवाल्याची सवय लॅब्रॅडॉर आणि पगची असते, म्हणून काही गोष्टी आपण होऊन सांगाव्या लागतात. मुधोळच्या बरगड्या थोड्या दिसणे स्वाभाविक आहे. उपाशी आहे असे समजून त्याला जास्तीचे खाऊ घालू नये. त्याचे डोके मानेइतकेच निमुळते असल्याने साधा पट्टा मागे ओढताच निघून येतो, तेव्हा छातीभोवतीचा हार्नेस किंवा ओढल्यावर आवळणारा पट्टाच द्यावा. नजरेने शिकार करणारा हा कुत्रा ससा, कोंबडी किंवा मांजर पळताना दिसले की हाक ऐकत नाही. कुंपण सहा फुटांपेक्षा कमी उंचीचे नको, आणि मांजरांचा विभाग त्याच्या डोळ्यांसमोर तर नकोच. अंगावर चरबी कमी असल्याने पावसाळी गारव्यात आणि डिसेंबरच्या थंडीत अंथरूण-पांघरूण दोन्ही लागते. भूल द्यायची वेळ आली, तर काही औषधांचा अंमल या बांध्याच्या कुत्र्यांवर जास्त वेळ राहतो, हे डॉक्टरांच्या कानावर असावे.

मांजराला शक्यतो घरीच ठेवावे

कुत्र्याला माणसे लागतात, मांजराला जागा लागते. चार-पाच दिवसांसाठी जायचे असेल, तर मांजराला हलवण्यापेक्षा विश्वासू शेजाऱ्याने किंवा पैसे देऊन ठरवलेल्या माणसाने दिवसातून दोनदा घरी येऊन पाहणे केव्हाही चांगले. येणाऱ्याने नुसती वाटी भरून जाऊ नये. मांजर किती जेवले, शौचासाठी माती भरून ठेवलेल्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे आहेत का, हे त्याने पाहून कळवावे. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतो आहे, कण्हतो आहे आणि लघवी होत नाही, असे दिसले तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावेत, कारण मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन दिवस जेवले नाही तर यकृतात चरबी साचून गंभीर आजार होतो; ‘रुसले आहे, भूक लागली की खाईल’ हे बोलणे इथे चालत नाही. अंग गरम लागले म्हणून माणसांची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये, एक गोळीही प्राणघातक ठरते.

सांभाळणारे घर शाकाहारी असेल तर आधी बोलून घ्यावे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कुत्र्याचे शाकाहारावर भागू शकते. मांजराला मांसातून मिळणारे टॉरिन हे पोषकद्रव्य लागतेच, त्याच्या अभावी दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. मुक्काम मोठा असेल तर दूध-भातावर ठेवण्यापेक्षा मांजराचे तयार खाद्य आपणच पुरवावे.

सोबत द्यायचा कागद

एक पानभर मजकूर मराठीत आणि जमल्यास कन्नडमध्येही लिहून द्यावा, कारण प्रत्यक्ष वाटी भरणारा कामगार कोणती भाषा वाचतो हे आपल्याला ठाऊक नसते. ‘काळजी घ्या’ असे मोघम लिहू नये. मजकूर साधारण असा असावा: ‘राजा, नर, वय ६ वर्षे, वजन २४ किलो. सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता पाकिटातील खाद्य, सोबत दिलेल्या वाटीने एकेक वाटी. चिकन देऊ नये, अंगाला खाज सुटते. बस, थांब, चल हे शब्द कळतात. जेवताना वाटीला हात लावल्यास गुरगुरतो. फटाक्यांना घाबरतो, आवाज सुरू झाल्यास आतल्या खोलीत ठेवावे. सांध्याची अर्धी गोळी रात्रीच्या जेवणानंतर.’ गुरगुरण्यासारखी गोष्ट लाजेखातर लपवली जाते आणि मग कामगाराला चावा बसतो. असे झालेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीचा पहिला डोस घ्यावा.

खाद्य घरचेच, रोजचे वेगळे पाकीट करून द्यावे. जागा बदललेली असताना आहारही बदलला की हमखास जुलाब होतात. सणासुदीला बोर्डिंगवाल्याच्या घरचे प्रेमाने दिलेले पदार्थ हीच मोठी जोखीम असते, म्हणून कांदा-लसूण घातलेली आमटी, चॉकलेट, द्राक्षे आणि शिऱ्यातले बेदाणे चालणार नाहीत, हे स्पष्ट लिहावे. कुंद्यासारखी मिठाईही नको. घरी वापरलेली, न धुतलेली एखादी चादर सोबत द्यावी. ओळखीच्या वासाने पहिली रात्र सोपी जाते.

पैशांची बोली लेखी असावी. रोजचा दर, येण्या-जाण्याचा दिवस अर्धा धरायचा की पूर्ण, औषध देण्याचे वेगळे पैसे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपला फोन लागला नाही तर किती रकमेपर्यंत उपचार करण्याची त्यांना मोकळीक आहे, हे त्यात यावे. गावातच असलेल्या एखाद्या नातेवाइकाला आधी विचारून त्याचे नाव निर्णय घेणारा म्हणून द्यावे. लांबच्या मुक्कामाआधी एकदा अर्धा दिवस आणि नंतर एकदा एक रात्र ठेवून पाहावे. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात जागा भरलेल्या असतात, त्यामुळे ही चाचणी त्याच्या कितीतरी आधी उरकावी. कोणाला सोबतच न्यायचे असेल, तर रेल्वेत कुत्रा फक्त वातानुकूलित प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित केल्यासच बरोबर बसवता येतो. एरवी त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत जावे लागते, आणि ती प्रत्येक कुत्र्याला सोसतेच असे नाही.

परत आणल्यावर

घरी आल्यावर कुत्रा भरपूर पाणी पितो, दिवसभर झोपतो, एखादे वेळी शौच पातळ होते. यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिले जेवण थोडे द्यावे. पुढचे दहा दिवस खोकला, उलटी, रक्तमिश्रित जुलाब आणि ताप यांकडे लक्ष ठेवावे. कुत्र्या-मांजराचे शरीराचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे हात लावून अंदाज बांधण्यापेक्षा गुदद्वारातून थर्मामीटरने मोजावे. काही आढळल्यास बोर्डिंगवाल्यालाही कळवावे, म्हणजे तिथल्या बाकीच्या प्राण्यांच्या घरी निरोप जाईल.

दोन मांजरांपैकी एकच बाहेर राहून आले असेल, तर घरचे मांजर त्याच्यावर फिसकारते, कारण त्याच्या अंगाला परका वास असतो. अशा वेळी आलेल्याला एक-दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे, एकाच टॉवेलने दोघांची अंगे आलटून-पालटून पुसावीत, आणि दाराच्या दोन बाजूंना वाट्या ठेवून दोघांना एकाच वेळी जेवू घालावे. जेवताना दोघेही शांत राहू लागले की दार उघडावे.