द्राक्षबागेतील छोट्या ट्रॅक्टरचे हीटर प्लग थंडीपूर्वी तपासून घ्यावेत

निफाड आणि दिंडोरीच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीतील काही पहाटे पारा 5 अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली उतरतो. याच दिवसांत ऑक्टोबर छाटणीच्या बागा मणी वाढीच्या अवस्थेत असतात आणि भुरी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी लांबवता येत नाही. दव ओसरल्यापासून वारा सुटेपर्यंत फवारणीला मोजकाच वेळ मिळतो. तो ट्रॅक्टर सुरू करण्याच्या खटपटीत जाऊ नये, यासाठी नोव्हेंबरमध्येच हीटर प्लग, म्हणजेच ग्लो प्लग, तपासून घ्यावेत. उन्हाळ्यात प्लग जळालेला असला तरी इंजिन सहज सुरू होत असल्याने हा दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्याने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेट घेते. ज्या छोट्या इंजिनांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये न पडता हेडमधील पूर्वकक्षात फवारले जाते, त्यांत दाबलेली हवा अरुंद वाटेने त्या कक्षात शिरताना थंडगार धातूला आपली बरीच उष्णता देऊन बसते. हीटर प्लगचे टोक या कक्षात असते. ते विजेवर लालबुंद होते आणि नोझलमधून आलेले डिझेल त्याच्याजवळ पेटते. मोठ्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल बहुधा थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने त्यांपैकी अनेकांत हे प्लग नसतात. आपल्या ट्रॅक्टरमध्ये ते आहेत की नाहीत, हे माहिती पुस्तिकेत पाहावे.

पहाटे सेल्फ जोरात फिरतो, सायलेन्सरमधून डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही, असे झाल्यास आधी हीटर प्लगकडे पाहावे. तीनपैकी एकच प्लग गेला असेल तर इंजिन सुरू होते, मात्र थोडा वेळ थरथरत चालते आणि गरम झाल्यावर सुरळीत होते. याउलट सेल्फच जड फिरत असेल तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या कनेक्शनमध्ये असतो. अनेकदा ही साधी तपासणी न करता नवी बॅटरी आणली जाते आणि अडचण तशीच राहते, म्हणून हा फरक नीट ओळखणे आवश्यक आहे.

तपासणीसाठी इंजिन थंड असताना, चावी बंद ठेवून, सर्व प्लगना जोडणारी पट्टी सोडवावी; ती तशीच ठेवल्यास चांगल्या प्लगमुळे जळालेला प्लग झाकला जातो. त्यानंतर मल्टिमीटरने प्रत्येक प्लगचे बाहेरचे, पट्टी जोडायचे टोक आणि इंजिनची बॉडी यांमधील रोध मोजावा. चांगल्या प्लगचा रोध साधारण 1 ओहमच्या आसपास असतो, तर जळालेल्या प्लगमध्ये जोडणीच मिळत नाही. सगळे प्लग चांगले निघाले तर चावी फिरवल्यावर त्या पट्टीपर्यंत वीज पोहोचते का, हे पाहावे. फ्यूज, रिले किंवा गंजलेले टर्मिनल हे तिथले नेहमीचे दोष होत. प्लगना थेट बॅटरीची वायर लावून पाहू नये, कारण काही प्लग 12 व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालतात आणि ते लगेच जळतात. बदलताना त्याच क्रमांकाचा प्लग घ्यावा. जुना प्लग कार्बनने अडकलेला असेल तर जोर लावू नये, कारण तुटलेले टोक काढण्यासाठी हेड उतरवावे लागू शकते.

सुरू करताना दिवे बंद ठेवावेत आणि पुस्तिकेत दिलेला वेळ, जुन्या पद्धतीच्या प्लगसाठी साधारण 10 ते 20 सेकंद, प्लग तापू द्यावेत. सेल्फ सलग 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. अर्धा मिनिट थांबून प्लग पुन्हा तापवावेत.

हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नये. तापलेल्या टोकामुळे ईथर अवेळी भडकते, पिस्टन फुटू शकतो आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला इजा होऊ शकते. एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरण्याची पद्धतही तितकीच घातक आहे आणि ती पूर्णपणे बंद व्हायला हवी.

उन्हाळ्यात ड्रममध्ये भरून ठेवलेले डिझेल थंडीत वापरू नये. भारतीय मानकानुसार डिझेलच्या प्रवाह बिंदूची, म्हणजे ज्याच्या खाली डिझेल वाहत नाही त्या तापमानाची, कमाल मर्यादा हिवाळ्यात 3 अंश, तर उन्हाळ्यात 15 अंश असते. त्यामुळे जुन्या साठ्यातील मेण कडाक्याच्या पहाटे फिल्टरमध्ये साचू शकते, आणि डिझेल नोझलपर्यंत पोहोचलेच नाही तर प्लग कितीही तापले तरी इंजिन सुरू होत नाही.