आयत्या वेळचा विषय

आमच्या वाचनालयाच्या त्या सभेच्या विषयपत्रिकेवर सहा विषय होते. सातवा नेहमीचाच, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. त्या सातव्यात मी सचिव झाले. वडा खाऊन होईपर्यंत ठराव सर्वानुमते मंजूरही झाला होता.

याला नऊ वर्षं झाली. तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं वाचनालय, ११ जणांचं कार्यकारी मंडळ, आणि मी मेडिकलचं दुकान चालवणारी. नव्यानं अशा मंडळावर येणाऱ्यांनी आधी एक गोष्ट समजून घ्यावी, जी मला कुणी सांगितली नव्हती. आपल्याकडं अशी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असते आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. म्हणजे मंडळावरचा प्रत्येक जण कायद्याच्या नजरेत विश्वस्त असतो. 'मी नुसता सदस्य आहे' हे धर्मादाय कार्यालयात चालत नाही.

कोरम सहाचा, येणारे चार. मग सभा अर्धा तास तहकूब, आणि नंतर वही शिपायाच्या सायकलवरून घरोघर फिरायची. सगळ्यांच्या सह्या आल्या की सगळे 'उपस्थित'. पहिले काही महिने मीही ती वही फिरवली. हे लिहिताना आता लाज वाटते.

लोक येत नाहीत म्हणजे त्यांच्यात उत्साह नाही, तो आपण भरायचा, असं मला वाटत होतं. म्हणून भावाचा प्रोजेक्टर आणून 'वाचनालयाचं उद्या' या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. सगळे 'छान, छान' म्हणाले. पुढच्या सभेला तीन जण आले.

मग आमचे कोषाध्यक्ष वारले. बँक म्हणाली, नव्या सहीसाठी धर्मादाय कार्यालयाकडची नोंद आणा. परिशिष्ट एकचा, म्हणजे तिथल्या नोंदीतल्या विश्वस्तांच्या नावांचा, उतारा काढला तर त्यावर तीन दिवंगत माणसं अजून विश्वस्त होती. दोन निवडणुकांचे बदल अर्ज कुणी दाखलच केले नव्हते. मंडळात बदल झाला की ९० दिवसांत त्या विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. खातं अडकलं, ग्रंथपाल आणि मदतनिसाचे पगार दोन महिने थांबले. परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला मिळणारे सरकारी पैसे, त्याच खात्यात येत होतं. ते दिसत होतं, काढता येत नव्हतं.

मंडळावर एक वकील होते. दोन वर्षांत एकाही सभेला आले नव्हते. मी त्यांच्या घरी गेले ती 'सभेला या ना' म्हणायला नाही. उतारा, दोन्ही निवडणुकांची इतिवृत्तं आणि मृत्यूचे दाखले एका फाइलीत घालून त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी चष्मा लावला, दोन पानं उलटली आणि विचारलं, "हे मला आधी का नाही दाखवलंत?" विलंब माफीचा अर्ज, परिशिष्ट तीन म्हणजे बदल अर्ज, संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, सगळं त्यांनी केलं. त्यानंतर त्यांची एकही सभा चुकली नाही. तोवर आम्ही त्यांना फक्त खुर्चीवर बसायला बोलावत होतो.

तिथून मी प्रेरणेचा नाद सोडला आणि सूचक-अनुमोदक या जुन्या रिवाजाकडं वळले. एरवी सूचकाचं नाव वहीत लिहायला लागतं म्हणून असतं. जो शेजारी बसलाय त्याचं लिहायचं. आम्ही ठरवलं, जो सूचक तोच काम करणार, आणि पुढच्या सभेत 'मागील ठरावांवरील कार्यवाही' या विषयाला पहिलं तोच बोलणार. परिणाम असा की ठराव निम्म्यावर आले. आधी दर सभेला कुणीतरी 'भव्य ग्रंथमहोत्सव' सुचवायचं, ते बंद झालं. जे उरले ते झाले.

फिरती वही मात्र मी एका झटक्यात बंद केली, आणि ते चुकलं. जो आला नाही तो इतिवृत्तात 'अनुपस्थित' लिहायला लागले. अध्यक्षकाका दुखावले. "एवढी वर्षं असंच चाललंय सूनबाई, लोकांना चोर ठरवताय का?" नियम बरोबर होता, पण तो त्यांच्या तोंडून यायला हवा होता. तेव्हापासून कुठलाही नाजूक विषय सभेत नेण्याआधी मी त्यांच्या ओट्यावर नेते. सभेत अध्यक्षाला पहिल्यांदा काही कळलं तर सचिवाचं चुकलं असं समजा.

वेळेचंही सांगते. सभा रात्री आठला असायची. महिला प्रतिनिधी म्हणून निवडलेल्या काकूंच्या जागी त्यांचे यजमान यायचे. रात्री आठ ही पोळ्यांची वेळ, हे आम्हा अकराजणांत मलाच आधी सुचायला हवं होतं. सभा पाचला घेतली तशा काकू स्वतः आल्या. बचत गटाचे हिशोब त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेले. दुसऱ्याच सभेत त्यांनी ग्रंथखरेदीची बिलं मागितली आणि विचारलं, एवढ्या खरेदीवर सूट एवढीच कशी? पुढच्या वर्षी तीन विक्रेत्यांकडून दर मागवले गेले.

सगळेच असे बदलतात असं नाही. एक सदस्य देणगी देऊन आले होते आणि त्यांना वाचनालयाचा हॉल आपल्या प्रदर्शनासाठी हवा होता. घरी गेले, काम देऊन पाहिलं, काकांना मध्ये घातलं. मुदत संपेपर्यंत ते रुसूनच बसले. त्यांच्यावर घालवलेला वेळ मी मंडळावरच्या गुरुजींना द्यायला हवा होता. ते थकलेल्या वर्गणीदारांकडं, म्हणजे आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांकडं, एकटेच चालत जायचे.

नव्या सचिवानं किल्ल्या घेण्याआधी उतारा स्वतः काढून वाचावा, आणि १२ए, ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्यांची मुदत कधी संपते तेही बघावं.

पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. मी उभी नाही. सचिवाची निवड या वेळी विषयपत्रिकेवर दुसऱ्या क्रमांकाला आहे आणि पत्रिका सात दिवस आधी घरोघर जाईल. वकीलसाहेबांनी माझ्या मेडिकलमधल्या कॅलेंडरवर निवडणुकीपासून ९० दिवस मोजून एका तारखेला लाल गोल केलाय. गिऱ्हाइकं विचारतात, त्या दिवशी दुकान बंद आहे का?