थायरॉइडची गोळी रोज घेताय ना? मग या चुका टाळा, आणि दिवस गेले असतील तर आधी हे वाचा

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर महिन्यातून दोन-चार जणी तरी येतात, हातात रिपोर्ट असतो आणि म्हणतात, दादा गोळी रोज घेतेय, एक दिवस चुकवली नाही तरी टीएसएच वाढूनच आलंय. टीएसएच म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्ततपासणीत वाढणारा आकडा. मी पहिलं एकच विचारतो, चहा कधी पिता? बहुतेक वेळा उत्तर येतं, चहासोबतच घेते की गोळी.

तर मुख्य चूक हीच. कमी थायरॉइडसाठी जी गोळी देतात, लेव्होथायरॉक्सिन, तिचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, 25, 50, 75 असा, म्हणजे एका मिलिग्रॅमचे हजार भाग केले तर त्यातले पन्नास. एवढ्याशा औषधातलं थोडं जरी चहा-दुधामुळे शोषायचं राहिलं तरी रिपोर्टमध्ये फरक दिसतो. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही, बिस्किटसुद्धा नाही. सकाळी डबे, मुलांची शाळा, हे सगळं मला कळतं, तुम्हाला खरंच जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेता येते, फक्त जेवण होऊन तीनेक तास झालेले हवेत. पण एकदा ठरवलं की तीच वेळ, आज सकाळी उद्या रात्री असं करू नका.

दुसरं म्हणजे सगळ्या गोळ्या एका मुठीत घेऊन एकदम गिळायच्या. कॅल्शियम, लोहाची गोळी आणि काही अँटासिड पोटातच या औषधाला धरून ठेवतात, त्यात चार तासांचं अंतर पाहिजे. सकाळी थायरॉइड, दुपारच्या जेवणानंतर लोह, रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियम, असं वाटून घेतलं की लक्षातही राहतं.

आता दिवस गेलेल्या ताईंबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी यांचीच वाटते. आमच्या इथली एक ताई, शेजारच्या काकू म्हणाल्या की गरोदरपणात गोळ्या उष्ण पडतात म्हणून दोन महिने तिने गोळी बंद ठेवली, आणि कुणालाच सांगितलं नाही. तिने नेमक्या त्याच महिन्यांत बंद केली ज्यात बाळाला आईच्या थायरॉइडची सगळ्यात जास्त गरज असते, सुरुवातीला बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ती नीट चालायला साधारण 18 ते 20 आठवडे जातात, तोवर बाळाच्या मेंदूची वाढ आईकडून येणाऱ्या हार्मोनवरच असते. त्यामुळे ही गोळी गरोदरपणात बंद करायची तर नसतेच, उलट बहुतेक जणींना डोस वाढवावा लागतो, साधारण पंचवीस ते तीस टक्के. घरच्या टेस्टवर दोन रेघा दिसल्या की पहिल्या सोनोग्राफीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बरेच डॉक्टर आठवड्याला दोन गोळ्या जास्तीच्या, म्हणजे सातऐवजी नऊ, असं सांगतात, पण ते त्यांनीच सांगायचं, आपण मनाने नाही. मग निम्मे महिने होईपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. चौथ्या महिन्यात सरकारी दवाखान्यातून लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम सुरू होतं तेव्हा अंतराचं गणित परत मांडा, कारण तिथेच सगळं बिघडतं. बाळंतपणानंतर डोस सहसा आधीच्यावर आणतात आणि सहा आठवड्यांनी परत तपासतात. योग्य डोसमध्ये अंगावर पाजताना गोळी चालते.

पण एक ध्यानात ठेवा, "थायरॉइडची गोळी" म्हणजे एकच गोळी नव्हे. थायरॉइड वाढलेला असेल तर कार्बिमाझोल देतात, ते अगदी वेगळं औषध आहे आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याने बाळात दोष होण्याची शक्यता वाढते, म्हणून बाळाचा विचार सुरू असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, तेही परस्पर बंद करू नका. आणि जावेची गोळी नणंदेने घ्यायची हे तर अजिबातच नाही.

लेव्होथायरॉक्सिनचा डोस जास्त झाला तर कसं कळतं? छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप न येणं, पातळ शौचाला होणं. असं वाटलं तर टीएसएच करून डॉक्टरांना दाखवा, छातीत दुखलं किंवा धडधड थांबेचना तर थेट हॉस्पिटल. वजन कमी करायला म्हणून कुणी ही गोळी मागितली तर मी देत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात, बरीच वर्षं जास्त डोस राहिला तर हाडं ठिसूळ होतात.

डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टेस्ट करून घाबरू नका, हे औषध शरीरात हळूहळू साचतं, खरा आकडा सहा ते आठ आठवड्यांनीच दिसतो. कंपनी बदलली तरी तेवढ्याच दिवसांनी तपासा. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर लॅबला आधी सांगा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, निदान दोन दिवस आधी ते बंद ठेवा. बाटली ओट्याजवळ गॅसच्या बाजूला ठेवू नका, उष्णतेने आणि ओलाव्याने गोळी खराब होते. आणि तपासणीसाठी रक्त द्यायच्या सकाळी गोळी रक्त दिल्यावर घ्या, पाण्याची बाटली आणि गोळी पर्समध्ये टाकूनच निघा, नाहीतर घरी येईपर्यंत रस्त्यात चहा होतो आणि त्या दिवशीची गोळी राहूनच जाते.