ट्रॉलीचे लाईट लागत नाहीत? बल्बच्या आधी अर्थिंग तपासा

ऑक्टोबर सरत आला की आमच्या शिरोळ-जयसिंगपूर पट्ट्यात गोठ्यामागं उभ्या असलेल्या ट्रॉल्या बाहेर निघतात. अख्खा पावसाळा उघड्यावर गेलेला असतो, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात, आणि मालकाला चार दिवसांत उसाच्या फडात गाडी लावायची असते. मग तो येतो आणि म्हणतो, "टेल (मागचा लाल दिवा) लागत नाही, दोन बल्ब टाका." मी याच भागात ट्रॅक्टरचं वायरिंग करतो. बल्ब टाकून बहुतेक वेळा काम होत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. रात्री उसाच्या दोन ट्रॉल्यांमागून मोटरसायकलवर येणाऱ्या माणसाला ते लाल दिवे वेळेत दिसले पाहिजेत, एवढ्यासाठी ही मेहनत आहे.

सगळ्यात आधी दोष ट्रॅक्टरात आहे की ट्रॉलीत, हे ठरवा. ते सॉकेटवर ठरतं. ट्रॅक्टरच्या मागं सात पिनांचं गोल सॉकेट असतं आणि प्रत्येक पिनेजवळ बारीक नंबर कोरलेला असतो. १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडं परत नेणारी जोडणी), ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा टेल, ६ ब्रेक, ७ डावा टेल. २ नंबर मागच्या फॉगसाठी (धुक्यातल्या दिव्यासाठी) असतो. आपल्याकडं तो रिकामा तरी असतो, नाहीतर कुणीतरी फडातल्या भरणीच्या लाईटसाठी वापरलेला असतो. वायरीच्या रंगावर अजिबात विसंबू नका. ट्रॅक्टर चार-पाच वर्षांचा झाला की त्यात दोन-तीन जणांनी हात घातलेला असतो आणि ज्याच्याकडं जी वायर होती ती त्यानं जोडलेली असते. नंबर बघूनच चाला. ट्रॉलीचा प्लग समोरून बघितला तर सॉकेटच्या बरोबर उलट दिसतो. डावा-उजवा इंडिकेटर अदलाबदल होतो तो याच घोळामुळं.

तपासायला महाग मीटर लागत नाही. २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन हात लांब दोन वायरी आणि टोकाला क्लिपा, एवढं पुरे; हाच आपला टेस्टर. मी मीटरपेक्षा याच बल्बवर जास्त भरवसा ठेवतो, त्याला कारण आहे. वायर आतून कुजून एकच तार शिल्लक राहिलेली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. २१ वॉटच्या बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात. तेवढं त्या एका तारेतून येत नाही आणि बल्ब लालसर, मंद लागतो. तिथंच दोष कळतो.

आता टेस्टरची एक क्लिप थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. वायर पुरत नसेल तर जोडून लांब करा. दुसरं टोक सॉकेटमधल्या दिव्यांच्या एकेका पिनेला लावा आणि कुणाला तरी वर बसवून इंडिकेटर, टेल, ब्रेक चालू करायला सांगा. सगळीकडं बल्ब लख्ख लागला तर ट्रॅक्टरकडून येणारा करंट ठीक आहे. मग ती निगेटिव्हची क्लिप काढून सॉकेटच्या ३ नंबरला लावा आणि तीच तपासणी पुन्हा करा. आता बल्ब मंद झाला किंवा लागलाच नाही, तर ट्रॅक्टरचा अर्थ गेलाय. ही दुसरी फेरी बरेच जण करत नाहीत आणि मग दिवसभर ट्रॉलीत दोष शोधत बसतात.

अर्थाबद्दल जरा जास्त सांगतो, कारण माझ्याकडं येणाऱ्या कामात सगळ्यात जास्त दोष इथंच निघतो. लक्षणं ओळखा. डावा इंडिकेटर लावला की टेल त्याच्या ठेक्यावर कमी-जास्त होतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतात. हेडलाईट लावली की इंडिकेटर चालायचा थांबतो. एकाच वेळी दोन-तीन दिवे असे वेड्यासारखे वागायला लागले तर बल्ब निर्दोष आहेत असं धरून चाला. करंटला परत जायला सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो.

असं होतं कारण पुष्कळ ट्रॉल्यांना अर्थाची वेगळी वायरच नसते. सगळा परतीचा करंट हुक आणि पिनेतून ट्रॅक्टरच्या लोखंडात जातो. ट्रॉली नवी असताना ते चालून जातं. पुढं हुकाला ग्रीस लागतं, माती बसते, गंज चढतो. शिवाय पिन भोकात सैल असते, खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर संबंध तुटतो आणि दिवे मिचमिचतात. उपाय एकच: प्लगच्या ३ नंबरपासून मागच्या दोन्ही दिव्यांपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र अर्थ वायर ओढा. चॅसिसला जिथं जोडाल तिथला रंग पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासा, रिंग लावून नट आवळा आणि वरून ग्रीस फासा. रंगावरच नट आवळला तर ते काम फुकट गेलं.

वायरीच्या जाडीत कंजूषी करू नका. बाजारात मिळणारी अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर दहा मीटर ओढली आणि तिच्यावर दोन ट्रॉल्यांचे मिळून चार ब्रेक बल्ब टाकले, तर ७ अँपिअरच्या हिशेबानं दोन-अडीच व्होल्ट जातानाच वाटेत जातात. येताना अर्थाची वायरही तेवढीच बारीक असेल तर पुन्हा तेवढेच. मग ब्रेक दाबलेला आणि न दाबलेला, मागच्याला फरकच कळत नाही. ब्रेकला निदान दीड चौरस मिलिमीटर घ्या, बाकीच्यांना एक चालते.

सॉकेटवर सगळं ठीक निघालं तर ट्रॉलीकडं वळा. ट्रॅक्टर बाजूला काढा आणि सुटी १२ व्होल्टची बॅटरी घ्या, मोटरसायकलची चालेल. निगेटिव्ह प्लगच्या ३ नंबरला, पॉझिटिव्ह १० अँपिअरच्या फ्यूजमधून बाकीच्या एकेका पिनेला. जो दिवा लागत नाही त्याच्याच वायरीच्या मागं जा. आधी प्लग उघडा. आत पितळेवर हिरवी भुकटी जमलेली असेल आणि स्क्रूखाली वायरीच्या दोनच तारा अडकलेल्या असतील. वायर बोटभर कापून बघा. तांबं काळं पडलेलं दिसलं तर आणखी कापत जा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. काळ्या तांब्यावर केलेला जोड हंगाम काढत नाही. पिना घासून झाल्या की बोटानं किंचित व्हॅसलीन लावा.

होल्डरमध्येही बघा. उसाचा रस गळून चिकटा बसतो, त्यावर धूळ, आणि आतली स्प्रिंग दबून बसते. टेल-ब्रेकच्या २१/५ वॉट बल्बाला आत जळणाऱ्या दोन तारा असतात आणि बाजूचे दोन खिळे मुद्दाम वर-खाली असतात. जोर लावून उलटा बसवला तर टेल भगभगीत आणि ब्रेक मंद, असं होतं. त्याच होल्डरात एका तारेचा बल्ब कोंबला तर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि टेल लावताच ब्रेकच्या वायरीतही करंट जातो.

फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका, आणि तार तर गुंडाळूच नका. वायरिंग पेटतं. फ्यूज काढून त्या जागी तोच २१ वॉटचा टेस्टर लावा आणि त्या लाईनीवरचे बल्ब काढून ठेवा. शॉर्ट असेल तर टेस्टर लख्ख पेटेल, पण दोन अँपिअरच्या वर करंट जाणार नाही, त्यामुळं निवांत शोधता येतं. आधी ट्रॉलीचा प्लग उपसा. टेस्टर विझला तर शॉर्ट ट्रॉलीत. मग प्लग लावून वायर हलवत मागं जा. चॅनेलच्या भोकाची धार, डंपिंगचा बिजागर आणि हुकाजवळचा लोंबता भाग, या तीन ठिकाणी हमखास सापडतो. हलवताना ज्या जागी टेस्टर मिचमिचला ती जागा. दुरुस्त करताना भोकात रबरी ग्रोमेट (कडं) घाला. डंपिंगच्या ट्रॉलीला साटा (माल भरायची पेटी) पूर्ण उचलून वायर ताणत नाही ना, ते बघा.

इंडिकेटर ट्रॉली जोडल्यावरच बिघडत असेल तर फ्लॅशर (इंडिकेटर चालू-बंद करणारी डबी) तपासा. ट्रॅक्टरचे एका बाजूचे दोन आणि दोन ट्रॉल्यांचे दोन, असे चार बल्ब म्हणजे ८४ वॉट. फ्लॅशरवर किती वॉट लिहिलंय ते वाचा आणि तेवढ्या ताकदीचा बसवा. एलईडी लावल्या असतील तर उलट होतं, भार कमी पडतो आणि इंडिकेटर फडफडतो. एलईडीसाठी वेगळा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो.

ब्रेक लाईटची एक गोष्ट राहिली. ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात आणि काहींना स्विच एकाच पेडलवर असतो. शेतातून बाहेर पडताना पेडलांची कडी लावली नाही तर ब्रेक एकाच चाकाला लागून गाडी ओढते, आणि दुसरं पेडल दाबलं तर मागं लाईटही लागत नाही. डांबरीवर यायच्या आधी कडी लावा.

शेवटची तपासणी ट्रॉली भरल्यावर, फडातच करा. रिकाम्या ट्रॉलीला दिसणारे दिवे भरल्यावर लोंबत्या वाड्याखाली (उसाच्या शेंड्यांच्या पाल्याखाली) झाकले जातात, आणि मोळी टाकताना दिवा फुटलेला असू शकतो. एकानं शंभर पावलं मागं जाऊन उभं राहावं, ड्रायव्हरनं टेल, दोन्ही इंडिकेटर, ब्रेक दाखवावेत. वाडं दिव्यावर येत असेल तर कोयत्यानं छाटून टाका. रिफ्लेक्टरचं कापड दोन्ही कडांना, उसाच्या बाहेर बांधा; वायरिंग वाटेत बंद पडलं तर तेवढाच आधार उरतो. टूलबॉक्सात दोन २१/५ चे, दोन २१ चे बल्ब, बरोबर अँपिअरचे चार फ्यूज आणि टेस्टर कायम ठेवा. मागची ट्रॉली दुसऱ्याची असेल तर तिचा प्लग आपल्या नंबरांशी जुळतो का, ते हुक लावायच्या आधी बघून घ्या.