कॉम्पॅक्ट एसयूव्ही रोजच्या वापराला घेतलीत, आता ती अशी सांभाळा

नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, थ्रीएक्सओ या सगळ्या गाड्या चार मीटरच्या आत बसवलेल्या आहेत, कारण लहान गाडीला कराची सवलत मिळवायची तर ती पहिली अट असते. नेक्सॉन ३९९५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे फक्त पाच मिलिमीटरने नियमात. नावात एसयूव्ही असलं तरी इंजिनाची ताकद पुढच्या दोनच चाकांना जाते. तिला जीप समजू नका, उंच केलेली छोटी कार समजा, म्हणजे पुढचं बरंच सोपं होतं.

पार्किंग मोजून घ्या. शक्यतो बुकिंगच्या आधीच. नेक्सॉनची रुंदी १८०४ मिलिमीटर, तीही आरसे सोडून. शिवाय दार उघडून माणूस उतरायला दीड-दोन फूट हवेत. सोसायटीत यांत्रिक स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवणारं मशीन, असेल तर त्यावरची उंचीची आणि वजनाची पाटी वाचा. जुनी मशीन सेडानच्या हिशेबाने बसवलेली असतात आणि ब्रेझा १६८५ मिलिमीटर उंच आहे. सेक्रेटरी "बसेल हो" म्हणतात, पण छप्पर घासलं तर खर्च तुमचाच.

बोनेटची ओळख करून घ्या. उंच बसल्याने लांबचं छान दिसतं, जवळचं मात्र लपतं. एक प्रयोग करा. सीटवर नेहमीसारखं बसा आणि घरातल्या कुणाला तरी बोनेटपुढे बादली ठेवून ती हळूहळू गाडीपासून लांब न्यायला सांगा. ती पहिल्यांदा दिसते तिथे फरशीवर खडूने रेघ मारा. गाडी आणि त्या रेघेच्या मधे रांगणारं मूल असलं तरी तुम्हाला दिसणार नाही. तेवढ्यासाठी सीट थोडी वर घ्या आणि पार्किंगमधून निघण्याआधी गाडीला एक फेरी मारा. काचेच्या बाजूचा खांबही जाड असतो. चौकात वळताना त्याच्या आड अख्खी दुचाकी दडते, तेव्हा मान पुढे काढून बघायची सवय लावा.

इंजिन वापरासारखं निवडा, मग त्याच्या कलाने चालवा. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला. ही काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो. घर ते ऑफिस पाच किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत थांबत, एवढंच रनिंग असेल तर फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. दिवा दिसला की दुर्लक्ष करू नका. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने पळवा. माझं मत विचाराल तर एवढ्याशा रनिंगला डिझेल घेऊच नये.

ताम्हिणी किंवा आंबोली उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवायला जाऊ नका. ज्या गिअरवर घाट चढला असता त्यावरच उतरा. उंच आणि भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर सोडली की ब्रेक तापून ढिले पडतात.

माणसं आणि सामान. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी ही उंची फायद्याची, खाली वाकून बसावं लागत नाही. आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. साडी अडकत नाही. गणपतीला कोकणात निघताना तांदळाची पिशवी, कुकर असं जड सामान डिकीत तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून ठेवा. सीटच्या उंचीवर काही रचू नका, जोरात ब्रेक लागला की तेच डोक्यावर येतं. पाच माणसं आणि भरलेली डिकी असेल तर टायरमध्ये हवाही वेगळी लागते. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर दोन्ही आकडे असतात. हवा टायर थंड असतानाच तपासायची.

पावसाळ्याआधी. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची पानं साचतात, ती हाताने काढा. सनरूफ असेल तर तिच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं मोकळी करून घ्या, नाहीतर पाणी आतल्या छतावर उतरतं. नेक्सॉनचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांतलं अंतर, २०८ मिलिमीटर आहे, पण त्याच्या जिवावर साचलेल्या पाण्यात घुसू नका. अर्ध्या चाकाच्या वर पाणी दिसलं की माघारी वळा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर चुकूनही पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर आतला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हा खर्च सहसा मिळत नाही. विमा घेतानाच इंजिन प्रोटेक्शन जोडून घ्या.

ॲक्सेसरीजच्या दुकानात पुढे लोखंडी गार्ड बसवायचा आग्रह होतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं आहे. शिवाय धडक गार्डवर बसली की एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब चुकू शकतो. त्यापेक्षा डिकीत काठ वर आलेली रबरी मॅट टाका. मासळीच्या पिशवीतून गळलेलं पाणी कार्पेटमध्ये मुरलं तर तो वास दिवाळीपर्यंत जात नाही.